विरुद्ध बाजू

"कारखाना आला तेव्हा गावात तीन मोटरसायकली होत्या. आता मोज!" पहिल्या रांगेत बसलेल्या कारखान्याच्या मालकांनी प्रणिताला मध्येच अडवलं. वादविवाद स्पर्धेचं बक्षीस त्यांनीच ठेवलं होतं आणि ती भांडवलशाहीच्या विरोधात बोलत होती.

"मोटरसायकली वाढल्या, साहेब. पण खाडीतले मासे मेले. तुमच्या बंगल्यावर बाटलीतलं पाणी येतं, आम्ही वास मारणाऱ्या विहिरीचं पितो."

"तुझा बाप आमच्याच कारखान्यात आहे ना?" मालक हसले. "जपून बोल."

प्रणिता माइकपासून मागे सरली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तिचे वडील उठले. "थांबू नकोस, पोरी. खाडीत सांडपाणी सोडायचा व्हॉल्व्ह रोज मीच उघडतो, तेही सांग."

प्रणिता पुन्हा माइकपाशी आली. तिने तेही सांगितलं.