वठलेला आंबा

हमरापूरला गणपतीचे डोळे रेखणाऱ्या शकूला पक्ष्यांचे फोटो काढायचं भारी वेड. गडब गावात बाबाजीकाकांच्या परसातल्या वठलेल्या आंब्याच्या ढोलीत तिला सुतारपक्ष्याची पिल्लं दिसली, तेव्हा काका कुऱ्हाड घेऊन बुंध्याशीच उभे होते.

“पावसाआधी लाकूडफाटा भरायचा हाय गो!”

“पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा ना, काका,” शकूनं हात जोडले. काका कुरकुरले, पण थांबले.

मे सरता सरता पिल्लं उडाली. फोटोही मनासारखे मिळाले. शकू पेढे घेऊन काकांकडे गेली आणि जड मनानं म्हणाली, “काका, आता खुशाल तोडा झाड.”

काकांनी घाईघाईनं तोंडावर बोट ठेवलं.



“हळू बोल गो! ढोलीत कालच साळुंकीचं बिऱ्हाड आलंय.”