हंसाबाईचा भास

"मले येडी समजून राह्यले हे," हंसाबाई म्हणाली. "तूच सांग बाई, मी येडी हाओ काय?"

अर्पितानं स्कूटी कडुलिंबाखाली लावली, तोंडाचा स्कार्फ सोडला आणि फाइल उघडली. भूल द्यायच्या गॅसनं पेशंटला भास होतात का, यावर यवतमाळच्या एका दवाखान्यात संशोधन चालू होतं. चाळीस पेशंट हवे होते. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेली हंसाबाई चाळिसावी. तिच्यासाठीच अर्पिता आर्णीजवळच्या या तांड्यावर आली होती.

"काय दिसलं, मावशी?"

"डोळे जरासेच उघडले. हात हालवता येईना. एका बाईनं माहा अंगठा शाईत दाबला, मंग कागदावर. तोंडाले मास्क. हाताले मेंदी, पार मनगटापावतर."

तिच्या मुलानं, सुनीलनं कपाळाला हात लावला. "दहा दिवस झाले, माही याडी, माय माही, हेच धरून बसली. म्हटलं, मायच्या नावचं वावर गेलं! तलाठ्याकडं धावलो, तर सातबारा जागच्या जागी. ऑपरेशनच्या कागदावर सही म्या केलती. हिचा अंगठा कोणाले कायले लागते?"

त्याची बायको बबिता चहा घेऊन आली. कडेवरचं तान्हं तिनं उतरवलं नाही. दवाखान्यातून आल्यापासून सासूच्या हाती ती पोराला देतच नव्हती. भ्रमिष्ट बाईचा काय नेम! आणि हंसाबाईला दुसरं काहीच नको होतं, नातू तेवढा मांडीवर हवा होता.

"हातमोजे तरी काढ, बाई. सावलीत बसली तू," हंसाबाई अर्पिताला म्हणाली.

"असू द्या, मावशी."

"भासच ना, मॅडम?" सुनीलनं विचारलं.

अर्पितानं रकान्यात बरोबरची खूण केली. "भासच. गॅसनं होतं असं."

"पुन्हा होईन का?" बबिता म्हणाली.

"सांगता येत नाही."

बबिता पोराला घेऊन घरात गेली. हंसाबाईनं नातवासाठी पुढं केलेले हात मागं घेतले. "मंग भासच असंल," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

तांड्याबाहेर अर्पितानं स्कूटी थांबवली. घामानं हातमोजे चिकटले होते, ते ओढून काढले. साखरपुड्याची मेंदी फिकी झाली होती, पण मनगटापर्यंतची नक्षी अजून दिसत होती. फाइलीत तळाला संशोधनासाठीचं संमतीपत्र होतं. त्यावरचा हंसाबाईचा ठसा फिसकटला होता. शुद्धीवर नसलेल्या माणसाचा अंगठा नीट दाबता येत नाही, हे तिला त्या दिवशीच कळलं होतं.