स्पंजाचा दोरा

"इथं कुणी गरोदर बाई आहे का?" पिशवी उघडण्याआधी गुरांचे डॉक्टर योगीराज यांनी विचारलं.

असं कुणी तरी विचारावं म्हणून नागूबाई सून घरात आल्यापासून सात वर्षं थांबली होती. "हाय की! ही काय, माझी सून दीपाली. चौथा लागलाय," ती म्हणाली. आवाज येरमाळ्याच्या फाट्यापर्यंत जावा, एवढा लावला होता.

"मग त्यांना लांब बसवा. या स्पंजात औषध असतं, हाताच्या कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईनं शिवायचंच नाही. पोटातल्या जिवाला धोका."

नागूबाईनं सुनेला दंडाला धरून मेंढवाड्याबाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं. मग स्वतः हातमोजे चढवले आणि सासूपणाचा सगळा रुबाब घेऊन मेंढ्या धरायला आली.

डॉक्टर एकेका मेंढीच्या आत नळीनं स्पंज सरकवत होते. शेपटीखाली फक्त पांढरा दोरा लोंबत राहायचा.

"हा आत असेपर्यंत मेंढीच्या अंगाला वाटतं, आपण गाभणच आहोत. म्हणून ती माजावर येत नाही. दोन आठवड्यांनी सगळ्यांचे एकदम काढू, इंजेक्शन देऊ. मग सगळ्या एकदम माजावर येतील आणि सगळ्या एकाच आठवड्यात वितील. दोरा तेवढा जपा. तुटला तर स्पंज आतच राहतो, मेंढी वाया जाते."

"म्हंजे खोटंच गाभण," शेजारची मथुराबाई तोंडाला पदर लावून हसली.

"खोटंच. पण अंगाला पटतं."

नागूबाईचा नवरा महारुद्र हसला नाही. "एवढं करून जी राहणार न्हाय, ती बाजारला," तो म्हणाला.

मेंढीला एक आणि माणसाला एक, अशी दोन मापं महारुद्रकडं नव्हती. मागच्या दिवाळीत दीपाली ताटात भाकरी वाढत असतानाच त्यानं आपल्या बहिणीच्या मुलीचं नाव बालाजीची दुसरी बायको म्हणून काढलं होतं. बालाजी मुलगा तसा गरीब. ट्रकवर असायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा आणि बापापुढं मान खाली घालून जेवायचा. तेव्हाही तो तसाच जेवला होता. दीपालीला दिवस गेले आणि त्या मुलीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

स्पंज बसवले त्याच आठवड्यात दीपाली भाच्याच्या जावळाला माहेरी, येडशीला गेली. चांगली आठ दिवस राहणार होती, पण निम्म्यातच परतली. नागूबाई फाट्यावर घ्यायला गेली. एसटीतून उतरलेल्या सुनेच्या तोंडाकडं तिनं पाहिलं आणि हातातली पिशवी काढून घेतली.

"लवकर आलीस?"

"लई उकडत होतं तिकडं, आत्याबाई."

"उकडायचंच," नागूबाई म्हणाली.

तेव्हापासून तिचे लाड हाताबाहेर गेले. सुनेला घागर उचलू देईना. धुणं तर तिच्या हातातून ओढून घेतलं आणि तांबडं फुटायच्या आत स्वतः ओढ्यावर नेऊ लागली. मथुराबाई कौतुकानं चिंचेचे आकडे घेऊन आली, तर तिला उंबऱ्यातच थोपवलं. "झोपलीय पोरगी." डोहाळजेवणाचं विचारलं तर, "बालाजीला सुट्टी घावू दे. मेंढ्या गाभण जाऊ दे. मग करू सगळ्यांचंच."

आणि एक दिवस घरातून तुपात तळलेल्या डिंकाचा वास आला.

मथुराबाई धावतच आली. "अगं नागे, डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतेत! पोटुशीला गरम पडतेत. सात वर्षं वाट बघून इसरलीस व्हय सगळं?"

"माझी सून, माझा डिंक. तुझ्या घरचं तूप न्हाय घातलं."

पहिल्या नातवंडाच्या हौसेत नागूबाईची अक्कल घसरली, असं मथुराबाईनं गावभर सांगितलं. गावाला ते पटलं. महारुद्रनंसुद्धा एक लाडू तोंडात टाकला आणि विचारलं, "दवाखान्यात काय म्हनले?"

"समदं बरं हाय म्हनले. जेवा आता."

रोज सकाळी नागूबाई दीपालीपुढं लाडू ठेवायची आणि तिनं तो संपवेपर्यंत समोर बसून राहायची. दीपाली खाली मान घालून खायची.

स्पंज काढायचा दिवस उजाडला. दीपाली न सांगता लिंबाखाली जाऊन बसली. एक हात पोटावर ठेवला होता, पोटुश्या ठेवतात तसा. नागूबाईनं एकदा तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

काम झरझर चाललं होतं. दोरा ओढला की स्पंज बाहेर, की इंजेक्शन. शेवटची एक मेंढी उरली आणि सुया संपल्या. डॉक्टर फाट्याजवळ लावलेल्या गाडीकडं गेले. नवा मेंढा घेऊन टेम्पो आला होता, म्हणून महारुद्रही त्यांच्या मागं गेला. "तेवढी एक धरून ठिव," जाता जाता त्यानं सांगितलं.

नागूबाईनं मेंढीची मान काखेत दाबली. पण मेंढी बिथरली. मागं सरली, गोल फिरली आणि दोरा कुंपणाच्या काटक्यांत गुंतला. स्पंज अजून आतच होता. आणखी एक हिसका, की दोरा तुटणार.

"अहो!" नागूबाईनं हाक मारली. टेम्पोच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही.

दीपाली उठून धावत आली. कुंपणापाशी आली आणि एकदम थबकली. डॉक्टरांचं बोलणं आठवल्यासारखं तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एक पाऊल मागं सरली. "आत्याबाई, मला... मला चालत न्हाय ना."

नागूबाई धापा टाकत होती. तिनं रस्त्याकडं पाहिलं. महारुद्र पाठमोरा होता, डॉक्टरही. मथुराबाईचं दार लागलेलं होतं.

"ये, बाई," ती हळूच म्हणाली. "ओढ दोरा. तुला चालतंय आता."