उसासारखा बांबू

“आरं थांबा! थांबा म्हणतो ना! काय करायलाव हे तुमी?”

वीरभद्रआप्पा धोतराचा सोगा सावरत बांधावरून ओरडत आले, तेव्हा आश्रुबा आणि कडूबाई घामाने भिजले होते आणि दोघंही खूश होते. खूश का नसतील? दुपार कलायच्या आत नवराबायकोने बांबूच्या दोन ओळी साफ केल्या होत्या. साफ म्हणजे अगदी उसाच्या फडासारख्या. जमिनीलगत घाव, वर बोटभर खुंट नाही. शेंडे उडवलेले, मोळ्या बांधून बांधाला लावलेल्या. उसाच्या फडावर बुडाला जरा खुंट राहिला की मुकादम सात पिढ्या काढतो. इथे कुणाची काही बोलायची टाप नव्हती.

आप्पा मात्र त्या उघड्या ओळींकडे बघून मटकन खालीच बसले. कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं.

“आरं बाबांनो, कोवळे बी तोडलेत! औंदाच्या पावसाळ्यात आलेले व्हते हे. पुढल्या सालचा माल व्हता माझा.”

आश्रुबाने हातातला कोयता खाली ठेवला. कोवळा काय नि जुना काय, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ऊस सगळा तोडायचा असतो. सगळा तोडला की बुडातून परत खोडवा फुटतो. त्याच्या बापाने असंच तोडलं, त्यानेही असंच तोडलं.

आप्पांचं हे बांबूचं खूळ सगळ्या पालम तालुक्यात गाजलेलं. कोरडवाहू रान, त्यात चांगली तूर यायची, ती सोडून यांनी बांबू लावला. कारखान्यांच्या भट्ट्यांत आता दगडी कोळशाच्या जागी बांबू जाणार, त्याच्या फळ्या होणार, दारं-खिडक्या होणार, असं ते पारावर सांगायचे. “डोंगरातली जंगलं किती दिवस पुरतील? आता जंगल शेतात लावायचं अन् शेतातूनच काढायचं,” म्हणायचे. लोक तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे.

कडूबाई तेवढी हसली नव्हती. तिला त्यातलं एकच कळलं होतं. बांबू गावात आहे, म्हणजे तोडायला गाव सोडावं लागणार नाही.

तिच्या दाराशी आंबा होता. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने कोय पुरलेली. त्याच्या कैऱ्या तिने खाल्ल्या, त्याच्या सावलीत लेकरं खेळवली, पण त्याचा मोहर म्हणून कधी बघितला नाही. दसरा झाला की ऊसतोडीला गाव सोडायचं आणि पाडव्याच्या आगेमागे परत यायचं, तोवर झाडावर कैऱ्या लोंबायच्या. दरवर्षी पौषात शेजारच्या नर्मदाबाईचा फोन जायचा, “कडू, लय मोहर आलाय गं औंदा!” कडूबाई परमुलखात, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत, फोन कानाला लावून बसायची. फोनवर काही वास येत नाही. मग उगाच चूल फुंकायची, धुराचं निमित्त करून रडून घ्यायची.

यंदा तिने हट्टच धरला आणि आश्रुबाने तात्याराव मुकादमाला नाही म्हटलं. आज कामाचा पहिला दिवस. फडाच्या सवयीने दोघं अंधारातच निघाले. कालपर्यंत आंब्यावर नुसत्या कळ्या होत्या, आज अंगणात येताच तिला वास आला. वर बघितलं तर नुसता काळोख. तेव्हापासून तिचा जीव दाराशी टांगलेला होता. भाकरीलासुद्धा ती नीट बसली नव्हती.

“आप्पा,” आश्रुबा चाचरत म्हणाला, “आमच्या हाताला ऊसच ठावा हाय. तुमचं लय नुकसान झालं. फडावर माणसं कमी पडलीत म्हून तात्यारावची गाडी सांजच्याला फाट्यावरून जाणार हाय. तिच्यात बसून जातो आमी.”

कडूबाईने चटकन आश्रुबाकडे बघितलं.

“तुमाला एवढी घाई कशाची झाली व्हती?” आप्पा तिच्याकडे बघून ओरडले. “मी दुपारी येऊन दाखवणारच व्हतो की! दोन ओळी रिकाम्या केल्या तुमी!”

“फडावर तसंच असतंय आप्पा,” ती म्हणाली. “ऊस जितका लवकर सपंल तितकं लवकर घर दिसतंय. मला वाटलं, बिगीबिगी हाणावं, समदं सपवून टाकावं.”

आप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग ते उठून जवळच्या बेटापाशी गेले. एक जुना, पिवळट पडलेला बांबू त्यांनी हाताने हलवून दाखवला.

“हे बगा. असा जुना तेवढा काढायचा. बुडातल्या पेऱ्याच्या वर घाव. कोवळ्याला हात लावायचा न्हाई, त्याच्यावरच मूळ जगतं. औंदा थोडे, पुढल्या साली थोडे, त्याच्या पुढल्या साली परत थोडे.” आश्रुबाचा कोयता त्यांनी उचलून त्याच्या हातात दिला. “गाडीबिडी काय न्हाई. उद्या या. जुन्यांना मी चुन्याची खूण करून ठेवतो. अन् कडूबाई, हे काम सपवायचं नसतंय.”

कडूबाईला काही उमजेना. जन्मात तिने असं काम ऐकलं नव्हतं. फडावर दर आठ-पंधरा दिवसांनी ती मुकादमाला विचारायची, त्याच पडेल आवाजात तिने विचारलं,

“सपायचंच न्हाई तर मग आमी घरी कवा जायचं, आप्पा?”

आप्पांनी मावळतीकडे बघितलं. दिवस मावळायला अजून चांगला अवकाश होता.

“आत्ता जा,” ते म्हणाले. “अन् मग रोज.”