शर्वरीची नवी शीर

शर्वरीच्या टाचेमागची शीर तुटली, तेव्हा तिच्याच पेशींपासून नवी शीर प्रयोगशाळेतल्या पेटीत वाढवायला घेतली. आज त्या शिरेचा पातळ काप, तंतूंची दिशा दाखवणाऱ्या ध्रुवित प्रकाशात तपासायचा होता. डॉ. नीलाक्षी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या. काप सगळा राखाडी दिसत होता.

"आई, खरं सांग," कुबड्या सावरत शर्वरी म्हणाली.

"तंतू विस्कटलेत. एका दिशेत असते तर पिवळा रंग आला असता. हिच्यावर तू चालशील. खो-खो मात्र विसर."

"पेटीत तिला ताण कसा देता?"

"चालण्याच्या लयीत. सगळ्यांच्या शिरांना तसाच देतो."

"मग तिला पळणं कळणार कसं?"

मुलगी पडेल या धास्तीने नीलाक्षींनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. त्या रविवारी त्यांनी सगळ्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या, आणि त्या सामन्यांत तिच्या बुटांतल्या यंत्राने टिपलेले ताण पेटीतल्या शिरेला दिले.

महिन्याभराने तेवढ्याच जाडीचा नवा काप पिवळाधमक उजळला. सूक्ष्मदर्शकाखालची, काप ठेवलेली तबकडी फिरवताच तो सगळाच्या सगळा एकदम काळा झाला. एकूण एक तंतू एका दिशेत होता.

आईने डोळे पुसलेले पाहून शर्वरी घाबरली. "बिघडली का गं?"

"छे! चाल म्हटलं तर ऐकेना, पळ म्हटल्यावर बघ. अगदी तुझ्यावर गेलीय."