सुपारीच्या डब्यातल्या गोळ्या

बायकोनं अडकित्त्यानं जुनी गोळी कातरली. अर्धी, नव्या गोळीसोबत, भास्कररावांच्या तळहातावर ठेवली आणि उरलेली गुपचूप सुपारीच्या डब्यात टाकली. त्यांनी ते बरोबर टिपलं.

डोक्यातल्या आवाजांवरचं जुनं औषध हळूहळू कमी करायचं, नवं वाढवायचं, असं डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले होते. मग ही लपवाछपवी कशाला? ती पाण्याला वळताच त्यांनी डबा उघडला. आत नऊ अर्ध्या गोळ्या!

"माझ्या चहात घालतेस ना?"

"अहो, नव्या गोळीनं गुण नाही आला तर? म्हणून जुन्या साठवतेय." ती रडकुंडीला आली. "मला बाई त्या नवीचा भरवसाच नाही."

घरात आपल्याहून संशयी माणूस आहे तर! कितीतरी महिन्यांनी भास्कररावांना हसू फुटलं. "आण पाणी," म्हणत त्यांनी दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या.