चांदी भरलेली दाढ

स्वच्छ हवेत पाऱ्याचा आकडा दीडच्या आसपास यायला हवा होता. विमानातलं, हवेतला पारा मोजणारं यंत्र नऊ दाखवत होतं.

पाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या रसायनवालीने यंत्रावर टिचकी मारून पाहिली. समोर ज्वालामुखीचा डोंगर धूर ओकत होता आणि टाकीत तासाभराचंच इंधन होतं. उद्या हे विमान दुसऱ्यांच्या कामाला जाणार. इथला आकडा खोटा निघाला, तर धुरातल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती.

कप्तानाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. निवृत्तीला आलेला माणूस, पण तोंडाचा पट्टा सुरूच. "असे धूर ढिगाने पाहिलेत, मॅडम. दहा मैलांवरून पाहा नाहीतर दहा हातांवरून, धूर तो धूर!" च्युइंगम चघळत तो खदखदून हसला. त्याच्या मागच्या दाढेत काहीतरी चमकलं.

"दाढेत काय भरलंय तुमच्या?"

"चांदी. का हो?"

"त्या चांदीत निम्मा पारा असतो, कप्तान! चघळलं की त्याची वाफ सुटते!"

बाहेरची हवा यंत्रात आणणारी नळी तिने चाचपली. नेमका कप्तानाच्या मानेमागचा नट सैल होता. सकाळी घाईत तिनेच बसवलेला. म्हणजे इतका वेळ यंत्र आकाशाबरोबर कप्तानाचा श्वासही मोजत होतं.

तिने नट बोटांनी जमेल तेवढा आवळला आणि बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप उघडली. "पाना खाली तळावरच राहिलाय. या नटाचा भरवसा नाही. धुरापलीकडे जाईपर्यंत तोंड बंद. चघळायचंही नाही."

"एक शब्दसुद्धा नाही?"

"नाही."

कप्तानाने च्युइंगम गालात सारलं आणि ओठ घट्ट मिटले. सहा. तीन. दीड. तिने मान हलवली. त्याने विमान वळवलं.

धूर जवळ आला, आणि येतच राहिला. वर पाहिलं तरी तोच, खाली पाहिलं तरी तोच. सूर्य तांब्याच्या पैशाएवढा झाला. विझलेल्या आगकाडीचा वास आला, खिडक्या थरथरल्या. डाव्या पंखाखाली धूर क्षणभर फाटला आणि खोल, फार खोल, लाल उजेड हलताना दिसला.

यंत्रावर चाळीस. मग नव्वद.

तिच्या अंगावर काटा आला. पृथ्वीच्या पोटात कोण जाणे कधीपासून कोंडलेला पारा आत्ता, तिच्या गुडघ्याशी, यंत्राच्या बोटभर नळीत पारा पकडायला ठेवलेल्या सोन्याला चिकटत होता.

मग एकदम निळं आकाश. आकडा घसरत घसरत दीडवर येऊन थांबला.

"जमलं!" ती ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळं खरं आलंय! बोला आता, कप्तान."

त्याने मान वळवून मागे राहिलेल्या धुराकडे पाहिलं. विमान उतरलं. इंजिन बंद झालं, पंखा फिरत फिरत थांबला. कप्तान डोंगराकडे पाहत बसूनच होता. च्युइंगम अजून गालातच होतं.